सावित्रीबाईंच्या घरचे बाळंतपण

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा चिटणीसबाईंनी मला बजावले की, पाककृतींची व रांगोळीची पाने पुष्कळ आली आहेत, तुम्ही एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहा. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. यजमानांची कारखान्यातली पाळी, दोन मुलांच्या शाळा आणि आपला ओटा, यांतच इथे सातपूरला माझी वीस-बावीस वर्षे गेली. लेखणी धरावयाची म्हणजे हात कापतो. तरी सावित्रीबाई फुले यांच्याविषयी लिहिण्याचे मी कबूल केले. त्याला एक कारण घडले, ते आधी सांगते.

गेल्या ३ जानेवारीस आपण सावित्रीबाईंची जयंती केली. तसबिरीला हार घातला, मुलींना वह्या वाटल्या, चहा झाला. पुढे पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिंड्या आपल्या त्र्यंबक रस्त्याने जावयाच्या, त्यांच्या पिठल्या-भाकरीचे कुणी काय करावयाचे हे ठरवीत आम्ही दहा-बाराजणी सतरंजीवर बसून राहिलो. बोलता बोलता वर्तमानपत्रातली एक बातमी निघाली. एक मुलगी गर्भपाताच्या परवानगीसाठी कोर्टात गेली होती. झाले, वादाला तोंड फुटले. पोटातल्या गर्भाला जीव कधीपासून म्हणावयाचे?

एक काकू म्हणाल्या, दिवस राहिले त्या क्षणापासून. सुभद्रेच्या पोटात अभिमन्यूने चक्रव्यूह ऐकला, तो काय जीव नसताना? एक नवी सूनबाई दवाखान्यात कामाला जाते. ती म्हणाली, सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत हृदयाची धडधड दिसते, तेव्हापासून. तिसरी म्हणाली, चार-साडेचार महिन्यांनी बाळ पोटात फिरल्याचे आईला कळते, तेच खरे. आपल्यातल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी सांगितले की, सुश्रुताच्या ग्रंथात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय प्रकट होते असे आहे. तेव्हा बाई दोन हृदयांची होते, म्हणून दौहृद, आणि त्यावरूनच आपला डोहाळे हा शब्द. गर्भोपनिषदात मात्र सातव्या महिन्यात जीव येतो असे लिहिले आहे. एका आजीबाईंचे म्हणणे, पूर्वी बारशाला नाव ठेवीपर्यंत पोराला माणसांत धरीतच नसत.

इतक्या तोंडांनी इतकी उत्तरे. शेवटी एकजण म्हणाली, काही असो, असले करणाऱ्या बाईला दाराशी उभे करू नये. त्यावर पुष्कळजणींनी मान हलविली. मी गप्प होते. वर सावित्रीबाईंची तसबीर होती, आणि त्यांच्या घराच्या दाराची गोष्ट मला ठाऊक होती. ती त्याच वेळी सांगावयास हवी होती. माझ्याने झाले नाही, म्हणून आज लिहिते.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव या खेड्यात झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. त्या काळच्या रीतीप्रमाणे १८४० साली, नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचे लग्न झाले. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. सासरी आल्या तेव्हा सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने शिकविले, आणि त्या शिकल्या. सांगावयास दोन वाक्ये लागतात, परंतु ज्या काळी बाईने पुस्तक उघडले की नवरा मरतो असे लोक मानीत, त्या काळची ही गोष्ट आहे.

१८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. वय सतरा. रस्त्याने जाताना लोक शेण-माती फेकीत, म्हणून त्या एक लुगडे बरोबर नेत व शाळेत जाऊन बदलीत. लोकांच्या दडपणाने सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढले, तेव्हा उस्मान शेख यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला. तेथल्या फातिमा शेख यांनी पुढे शाळेत त्यांना साथ दिली. १८५२ च्या नोव्हेंबरात सरकारतर्फे विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार झाला. १८५४ साली सावित्रीबाईंच्या कवितांचे पुस्तकही निघाले. शाळेचा हा भाग आपल्या मुलींनाही तोंडपाठ आहे. मला सांगावयाचे आहे ते त्यापुढचे.

लग्नाला वीस-बावीस वर्षे होऊनही सावित्रीबाईंची कूस उजवली नव्हती. घरच्यांनी जोतीरावांच्या मागे दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला, परंतु त्यांनी ते मानले नाही, असे चरित्रांत सांगितले आहे. मूल नसलेल्या बाईला समाजात काय ऐकून घ्यावे लागते, हे आपणां बायकांना निराळे सांगावयास नको. अशा बाईने आपल्या घरात काय सुरू केले, ते आता पाहा.

त्या काळी ब्राह्मणांत आणि इतरही काही जातींत विधवेचे लग्न होत नसे. आठ-दहा वर्षांच्या मुली विधवा होत. केस काढून, लाल आलवण नेसवून त्यांना माजघराच्या कोपऱ्यात बसवीत. १८५६ साली विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला होता खरा, पण तो कागदावर. घरातलाच दीर, सासरा, नाहीतर शेजारचा कुणी अशा पोरीला नादी लावी किंवा जबरदस्ती करी. दिवस राहिले की पुरुष नामानिराळा. मागे राहिलेल्या बाईपुढे तीन वाटा असत. काहीतरी जहाल औषध खाऊन पोट पाडणे, विहीर जवळ करणे, किंवा चोरून बाळंत होऊन पोराच्या नरड्याला नख लावणे.

नवा पीनल कोड १८६२ च्या १ जानेवारीपासून लागू झाला. आमच्या सतरंजीवरचा वाद त्या कायद्यातही होता. आईचा जीव वाचविण्याखेरीज गर्भ पाडला तर तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गर्भ फिरू लागल्यावर पाडला तर सात वर्षांपर्यंत. म्हणजे सरकारनेही पोटात बाळ फिरणे ही एक खूण धरली होती. बाईने स्वतः होऊन केले तरी ती गुन्हेगार. जिने तिला त्या वाटेला लावले त्या रूढीला मात्र कोणत्याच कलमात शिक्षा नव्हती.

पुण्यास जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे राहत. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. चांगल्या घरची, गरीब, वागणुकीने सालस. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनी तिला फसविले. दिवस राहिले. गर्भ पडावा म्हणून तिला नाना औषधे दिली, पण तो पडला नाही. काशीबाईला मुलगा झाला. लोकलाजेच्या भीतीने तिने आपल्या हाताने त्याचा जीव घेतला आणि घरामागच्या विहिरीत टाकला. दोन दिवसांनी पोलिसांना तो सापडला. खटला झाला आणि काशीबाईला जन्मठेप काळ्या पाण्यावर, अंदमानात पाठविले. शास्त्रीबुवांचे काय झाले म्हणाल, तर काही नाही.

पुण्यात पुष्कळांनी ही गोष्ट ऐकली. कुणी कानांवर हात ठेवले, कुणी बाईला शिव्या दिल्या. फुले पतिपत्नींनी मात्र १८६३ साली आपल्याच राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. घराला लागून जागा होती, तेथे खाटा मांडल्या. आणि चोरून नव्हे, तर उघड. गावात जाहिराती लावल्या. ज्या विधवेवर असा प्रसंग आला असेल तिने येथे यावे, गुपचूप व सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावयाचे असल्यास न्यावे, ठेवावयाचे असल्यास ठेवून जावे, त्याचा सांभाळ केला जाईल, असा त्या जाहिरातींचा आशय होता.

भगिनींनो, जाहिरात लावणारे जोतीराव खरे, पण बाळंतपण म्हणजे जाहिरात नव्हे. रात्री-अपरात्री दार वाजले की उठावयाचे कुणी? तोंडावर पदर ओढून आलेल्या, ना नाव ना गाव सांगणाऱ्या बाईला आत घ्यावयाचे, तिचे पाणी तापवावयाचे, कळा सोसेपर्यंत पाठीवर हात ठेवावयाचा, नंतर शेक-शेगडी, तिचे खाणेपिणे, पोराचे दुपटे-लंगोट, हे सर्व सावित्रीबाई पाहत. दिवसा शाळा, रात्री हे. त्या वेळी त्यांचे वय बत्तीस होते. ज्या जातीचे लोक त्यांच्यावर शेण फेकीत, त्याच जातीच्या लेकी पोटुशा होऊन त्यांच्या दाराशी येत, आणि त्यांनी एकीलाही ते बोलून दाखविल्याचे कुठे लिहिलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी आपली सहल पुण्यास गेली होती, तेव्हा गंज पेठेतला फुले वाडा आपण पाहिला. अंगणात एक विहीर आहे. १८६८ साली फुल्यांनी आपल्या घरचे पाणी अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले केले, तीच ही विहीर, असे तेथे सांगितले. मी तिच्या काठाशी जरा वेळ उभी राहिले. गोवंड्यांच्या घरामागची एक विहीर, आणि फुल्यांच्या अंगणातली ही एक. पाणी दोन्हींत सारखेच असणार.

आता मुख्य गोष्टीकडे येते. १८८४ साली मुंबईचे पारशी सुधारक बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध टिपणे काढली. त्यांवर जोतीरावांनी ४ डिसेंबर १८८४ रोजी आपले मत लिहून दिले. काशीबाईची हकीकत त्यातच आहे, आणि पुढे त्यांनी आपल्या घराचा हिशेब दिला आहे. तोपर्यंत पस्तीस विधवा तेथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्या मुलांपैकी पाच जगली होती. तीस दगावली. कारण येण्यापूर्वी त्या बायांनी दिवस लपविण्यासाठी जी जहाल औषधे घेतली असावीत, त्यांची इजा पोटातच त्या गर्भांना झाली होती.

पस्तिसांतली तीस. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. मी तोवर समजत होते की, सावित्रीबाईंच्या घरात पाळणे हलत असतील, अंगाई ऐकू येत असेल. तसे फार थोडे घडले. त्या बाईने वीस-एकवीस वर्षांत पुष्कळदा मेलेले, नाहीतर मरणाला टेकलेले मूल हातांत घेतले. जिला स्वतःला मूल नाही अशी बाई, आणि समोर आपल्या मुलाला पोटातच विष देऊन आलेली आई. सावित्रीबाईंच्या मनात काय आले असेल? त्या गर्भाला त्या काही मोजीतच नव्हत्या असे कसे म्हणावे? घराचे नावच बालहत्या प्रतिबंधक. मूल वाचावे म्हणूनच तर सारा खटाटोप. तरीही औषध घेतलेल्या बाईला त्यांनी परत पाठविले नाही. तीस वेळा हेच घडत गेले, तरी दार लावले नाही.

येथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. थोरल्या मुलानंतर आणि धाकटीच्या आधी मला दिवस राहिले होते. चौथ्या महिन्यात पोट पडले. सोळा वर्षे झाली. घरात त्याचे कुणी नाव काढले नाही, आणि नाव तरी काय काढणार, ते ठेवलेच नव्हते. मुले किती असे कुणी विचारले की मी दोन सांगते आणि मनात तीन मोजते. म्हणून त्या दिवशी जीव कधीपासून यावर मला बोलवेना. माझ्यापुरते उत्तर मला ठाऊक होते.

परंतु गप्प राहण्याचे दुसरेही कारण होते. मी दवाखान्यात होते तेव्हा शेजारच्या खाटेवर अठरा-एकोणीस वर्षांची एक पोर होती. लग्न झालेले नव्हते. कुणाच्या तरी सांगण्यावरून दुकानातून काही गोळ्या आणून तिने खाल्ल्या होत्या आणि रक्त जाऊन जाऊन ती पांढरी पडली होती. तिला डबा येत नसे. भेटावयास कुणी येत नसे. एकदा तिने माझ्याकडे पाणी मागितले. तांब्या माझ्या हाताशी होता. मला माझे मूल हवे असून गेले होते, आणि हिने आपले हाताने घालविले, असे माझ्या मनात आले, आणि मी कूस वळवून भिंतीकडे तोंड केले. पाणी शेवटी आयाबाईंनी दिले. दुसऱ्या दिवशी मी घरी आले. त्या पोरीचे पुढे काय झाले मला ठाऊक नाही. तिचे नावही मी विचारले नव्हते.

सावित्रीबाईंचे चरित्र वाचताना मला ती खाट आठवली. मूल गमावल्याचे दुःख माझे खरे होते. पण त्या दुःखाने मला दुसरीला घोटभर पाणी नाकारण्याचा हक्क दिला नव्हता. ज्या बाईला मुलाची आस माझ्याहून किती अधिक असेल, तिने पस्तीसजणींना पाणी तापवून दिले.

आणखी एक प्रसंग सांगते. १८६८ साली सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या. तेथून २९ ऑगस्टला त्यांनी जोतीरावांना एक पत्र लिहिले. पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महाराची मुलगी यांचे प्रेम जमले होते आणि सारजेला सहावा महिना होता. गावकऱ्यांनी दोघांना मारीत मारीत गावातून मिरविले व ठार करावयाचे ठरविले. सावित्रीबाईंना कळताच त्या धावत गेल्या, जमावापुढे उभ्या राहिल्या आणि इंग्रजी कायद्याने काय शिक्षा होईल याची भीती घालून दोघांना सोडविले. दोघांनी गाव सोडावे असे ठरले, तेव्हा सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पुण्यास धाडले. एकटी बाई, माहेरचे गाव, समोर चवताळलेली माणसे. त्या दिवशी वाचलेले जीव दोन की तीन, हा हिशेब त्यांनी केला नसेल. आपल्याला तो करता येतो.

जगलेल्या पाचांत एक मुलगा होता. १८७४ साली एका ब्राह्मण विधवेच्या पोटी तो त्या घरात जन्मला. तिचेही नाव काशीबाईच सांगतात, म्हणून काहीजण दोघींची गल्लत करतात. परंतु अंदमानात गेलेली काशीबाई निराळी, तिची गोष्ट दहा-अकरा वर्षे आधीची. या मुलाला फुले पतिपत्नींनी दत्तक घेतले आणि यशवंत नाव ठेवले. १८८७ साली केलेल्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यालाच आपला वारस नेमले. यशवंत शिकून डॉक्टर झाला. १८८९ साली हडपसरच्या सासने यांच्या राधा नावाच्या मुलीशी त्याचे लग्न सत्यशोधक पद्धतीने लावले.

याच सुमारास सुरतेहून पुन्हा एक काशीबाई उभी राहिली. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेने नवजात मूल मारले म्हणून १८८१ साली तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर ताशेरे सुरू झाले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली स्त्रीपुरुषतुलना हे पुस्तक लिहून, बाईच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत काय असा रोखठोक जाब विचारला. पुष्कळांनी त्यांच्यावर टीका केली, पण जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली.

सावित्रीबाईंचे उरलेले आयुष्य थोडक्यात सांगते. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला, त्यात त्या पुढे होत्या. १८७६-७७ च्या दुष्काळात त्या गावोगाव अन्नछत्रांच्या कामात राहिल्या. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरावयाच्या वेळी भाऊबंदांनी वाद घातला. यशवंत पोटचा नाही, दत्तक, म्हणून त्याचा हक्क मानावयास ते तयार नव्हते. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या पुढे चालल्या. त्या काळी बाईने असे करणे म्हणजे काय, ते आजही अंत्ययात्रेत मागे थांबविल्या जाणाऱ्या आपणां बायकांना कळेल. मूल जन्मण्याआधी त्याला जगू न देणारे जग, जन्मल्यावरही त्याला आपले म्हणावयास तयार नसते. सावित्रीबाईंनी दोन्ही वेळा पुढे होऊन ते आपले म्हटले.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. घरे ओस पडली. सावित्रीबाईंनी यशवंताला बोलावून घेतले आणि गावाबाहेर हडपसरच्या बाजूस सासन्यांच्या माळावर दवाखाना घातला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड यांचा मुलगा प्लेगने पडल्याचे कळताच सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. अखेरचा जीव त्यांनी असा वाचविला, तोही परक्याच्याच पोटचा.

आता आजचे. १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला आणि १९७२ पासून लागू झाला. त्याच्या आधी ज्या समितीने विचार केला, तिचे अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि अत्याचार झालेल्या किंवा अज्ञान मुलींसारख्या काही जणींना चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. अठरा वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा सासूची लागत नाही, आणि तिचे नाव गुप्त ठेवावे लागते. तेव्हा दुकानातून चोरून गोळ्या आणण्याची गरज कायद्याने ठेवलेली नाही. ती आपल्या जिभांनी ठेवली आहे.

जिला मूल जन्मू द्यावयाचे आहे पण सांभाळणे शक्य नाही, तिने ते बाल कल्याण समितीकडे कायदेशीर सोपवावे, फेरविचाराला साठ दिवस मिळतात. फुल्यांच्या जाहिरातीत जे सांगितले होते, ते आज कायद्यात आहे. मुलांसाठी १०९८ आणि बायकांसाठी १८१ हे मदतीचे फोन आहेत. हे दोन आकडे प्रत्येकीने ओट्याजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावे, इतकी माझी विनंती आहे.

एक मात्र स्पष्ट लिहिते. पोटात मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणे याला मी सावित्रीबाईंच्या नावाने कधीच होय म्हणणार नाही. गर्भलिंग तपासणीवर आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली सर्वांआधी कायदा केला, १९९४ साली तो देशाचा झाला. तरी सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली राज्यात २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. यांतही त्या बाईला एकटीला दोष देऊ नये. तिच्या मागे कोण उभे होते, ते आधी पाहावे. काशीबाईच्या मागे शास्त्रीबुवा होते, आजच्या सुनेच्या मागे आपण सासवा तर नाही ना, एवढे प्रत्येकीने मनाशी विचारावे.

जीव कधीपासून, याचे उत्तर मी या लेखात दिले नाही, आणि ते देण्याइतकी माझी पायरीही नाही. काकूंचे उत्तर वेगळे असेल, सूनबाईंचे वेगळे, माझे मी वर सांगितलेच. आपण दहाजणी दहा मतांच्या राहू. त्याने मंडळ मोडत नाही. परंतु त्या दिवशी दाराशी उभे न करण्याविषयी जी मान हलली, ती आपण परत घ्यावी. पोटातल्याला जीव मानणाऱ्या बाईने तर दार आधी उघडावे, कारण दाराशी आलेली एकटी नसते, असे तीच म्हणते ना?

यापुढे आपल्या वस्तीत अशी कुणी मुलगी अडचणीत असेल तर तिला माझ्या घरी पाठवावे. रात्री यजमान पाळीवर असले तरी मी दार उघडीन. तिला काही विचारण्याआधी पाणी देईन. सोळा वर्षांपूर्वीचा तो तांब्या अजून माझ्या घरात आहे.

लिहिण्यात चुकलेमाकले असेल ते भगिनींनी पदरात घ्यावे, ही विनंती.